जॉबकार्डावर सॉफ्टवेअरचा नंबर लिहा

प्रति,
भारतात मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांचे सर्व्हिस विभागप्रमुख
आणि त्यांचे अधिकृत डीलर यांस

स. न. वि. वि.

गाडीचं ऑइल बदललं की तुम्ही ते नीट लिहिता: किती लिटर, कोणत्या ग्रेडचं, काय दरानं. वायपरचं रबर बदललं तरी त्याचा पार्ट नंबर बिलावर येतो. ड्रेन प्लगच्या वॉशरचे चार-पाच रुपयेसुद्धा वेगळ्या ओळीत लागतात. पण इंजिनात कधी आणि किती डिझेल सोडायचं, टर्बोला किती दाबायचं, धूर कुठे अडवायचा हे ज्याच्या हातात असतं ते ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, सॉफ्टवेअर बदललं, तर जॉबकार्डावर हातानं खरडलेली एवढीच ओळ येते: ‘सॉफ्टवेअर अपडेट केले. ओके.’ पुष्कळदा तीही नसते. आधी कोणतं होतं, आता कोणतं टाकलं, कशासाठी टाकलं, याचा मालकाला ठावठिकाणा नाही आणि दोन वर्षांनी तीच गाडी ज्याच्यापुढे उभी राहणार त्या मिस्त्रीलाही नाही.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात सगळ्या कंपन्यांच्या गाड्यांचं काम करतो. तुमचे सर्व्हिस ॲडव्हायझर ज्याला ‘बाहेरचं गॅरेज’ म्हणतात, त्यातलं एक. हे पत्र तुमच्या विरुद्ध भांडण म्हणून लिहीत नाही. वॉरंटीतल्या गाड्या तुमच्याकडेच जाव्यात असं मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगतो. तिथून परत आलेल्या गाड्यांची पुढची निस्तरणी मात्र माझ्याकडे येते.

अलीकडचीच एक गाडी सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण बाकीच्यांकडेही यापेक्षा फार वेगळं चालत नाही. गारगोटीकडच्या एका शाळेतले मास्तर, गाडी डिझेल एसयूव्ही, बीएस ६ ची. घरापासून शाळा सहा-सात किलोमीटर, रोजची धाव तेवढीच. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ हे धुराचे निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाइनीत डीपीएफ आला, म्हणजे काजळी अडवणारी जाळी. ती भरत आली की ईसीयू जास्तीचं डिझेल सोडून तिचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास नेतो आणि काजळी जाळून टाकतो. त्याला रीजनरेशन म्हणतात. ते पुरं व्हायला गाडी काही वेळ सलग पळावी लागते. मास्तर शाळेच्या फाटकात चावी फिरवतात तेव्हा ते अर्ध्यावरच तुटतं. न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरून ऑइलमध्ये मिसळतं.

मास्तरांची डीपीएफची लाइट लागली. डीलरनं सांगितलं, ‘सर, हायवेला टाकून किणी टोलपर्यंत पळवून आणा.’ आणली. लाइट गेली, थोड्या दिवसांनी परत लागली. मग ऑइल बदललं. मग डीपीएफचा प्रेशर सेन्सर बदलला, त्याचे पैसे घेतले, कारण वॉरंटी संपली होती. लाइट पुन्हा हजर. मग मास्तर माझ्याकडे आले आणि म्हणाले, ‘मिस्त्री, आता तुम्हीच बघा, त्यांनी सगळं बदललं.’

डिपस्टिक काढली तर ऑइल कमाल पातळीच्या खुणेच्या वर, आणि बोटावर घेतलं तर डिझेलचा वास. स्कॅनर लावला. इंजिन बंद असताना प्रेशर सेन्सर शून्य दाखवत होता, म्हणजे नवा सेन्सर ठीक होता. बहुधा जुनाही असावा. सुरू झालेल्या रीजनरेशनचा आकडा भलामोठा, पूर्ण झालेल्यांचा अगदीच किरकोळ. मी कॅलिब्रेशन नंबर, म्हणजे ईसीयूतल्या सॉफ्टवेअरचा नंबर, काढला. बहुतेक गाड्यांत हा नंबर ओबीडीच्या, म्हणजे गाडीतले दोष तपासायच्या, सॉकेटमधून कुणालाही वाचता येतो. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं ते सॉकेट असतं. हजार रुपयांच्या आतलं ब्लूटूथचं डबडं आणि फोन एवढ्यावर भागतं. माझ्या वहीत त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या, त्याच इंजिनाच्या दुसऱ्या एका गाडीचा नंबर होता. सुरुवातीची अक्षरं सारखी, शेवटचे दोन आकडे मात्र पुढचे. त्या गाडीचं सर्व्हिसिंग पुण्यात व्हायचं आणि तिला हा त्रास नव्हता.

दोन्ही नंबर कागदावर लिहून मास्तरांना दिले आणि डीलरकडे पाठवलं. तिथे उत्तर मिळालं, ‘सर, तुमच्या गाडीला काही अपडेट पेंडिंग दाखवत नाही. बाहेरच्या गॅरेजवाल्यांचं ऐकू नका.’ मास्तरांचे मेहुणे चिंचवडला असतात. दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे गेले तेव्हा तिथल्या डीलरला तोच कागद दाखवला. पाऊण तासात काम झालं. परत आल्यावर मी नंबर वाचला, शेवटचे दोन आकडे बदललेले. त्यानंतर रीजनरेशन पूर्ण होऊ लागलं आणि ऑइलची पातळी जागेवर राहिली. चिंचवडच्या बिलावर काय लिहिलंय? ‘इलेक्ट्रिकल चेकअप, लेबर.’

कंपनीनं त्या फाइलमध्ये नेमकं काय बदललं, हे मी मास्तरांना आजही सांगू शकत नाही. रीजनरेशन लवकर सुरू होतं का, थोडं थोडं करून पूर्ण करतं का, की काजळी मोजायचा हिशेबच बदलला? कुठेतरी ते लिहिलेलं आहे. ज्याची गाडी आहे त्याला ते वाचायला मिळत नाही.

एका कंपनीचा चेसिस नंबर एका डीलरकडे ‘काही नाही’ आणि दुसऱ्याकडे ‘आहे’ असं कसं दाखवतो, हे मी तुमच्याच एका जुन्या टेक्निशियनला विचारलं. त्याचं म्हणणं असं की चेसिस नंबर टाकल्यावर पडद्यावर सक्तीच्या मोहिमा, म्हणजे कंपनीनं करायलाच लावलेली कामं, तेवढ्या दिसतात. गिऱ्हाइकानं विशिष्ट तक्रार केली तरच द्यायचे अपडेट वेगळ्या सर्क्युलरमध्ये असतात. ते सर्क्युलर कुणीतरी उघडून वाचावं लागतं, तक्रार त्याच्याशी जुळवावी लागते आणि मग फाइल उतरवावी लागते. ज्या वर्कशॉपात असा एखादा वाचणारा माणूस आहे तिथली गाडी सुधारते. बाकीच्यांना किणी टोल.

डीलरांच्या अडचणी मला दिसतात, त्या झाकून ठेवत नाही. ईसीयू फ्लॅश करणं, म्हणजे त्यात नवं सॉफ्टवेअर भरणं, हे मोबाइलचं ॲप अपडेट करण्यासारखं काम नाही. इग्निशन चालू, इंजिन बंद, एसी-ब्लोअर-दिवे सगळं बंद, बॅटरीला स्थिर व्होल्टेज देणारा चार्जर जोडलेला, लॅपटॉपची केबल हलता कामा नये, कंपनीच्या सर्व्हरशी लाइन तुटता कामा नये. मध्येच व्होल्टेज बसलं तर ईसीयू डेड होऊ शकतो. मग गाडी ढकलत बाहेर काढायची आणि मालकाला तोंड द्यायचं. फ्लॅश झाल्यावरही काम संपत नाही. कोड पुसायचे, इंजेक्टरचे कोड जागेवर आहेत का बघायचं, आयडलिंगचं लर्निंग करून घ्यायचं. शिकलेली जुनी गणितं पुसली गेल्यामुळे पहिले काही किलोमीटर गाडी वेगळी वाटते, हे मालकाला आधी सांगायचं. नाहीतर संध्याकाळी फोन येतो, ‘गाडी बिघडवून दिलीत!’ इतकं करून कंपनी त्या कामाचं लेबर किती मिनिटांचं धरते, आणि मोहीम नसली तर धरते तरी का, हा प्रश्न डीलरनं तुम्हालाच विचारायला हवा. सेन्सर विकला की मार्जिन आहे, फ्लॅशमध्ये जोखीमच जास्त. वर्कशॉपचा कल कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. म्हणून हे पत्र आधी कंपन्यांना आहे, डीलरांना नंतर.

मनावर घेतलं तर तुम्हाला हे जमतं, याचा पुरावा आपल्याकडेच आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतली लबाडी उघडी पडली. चाचणी चालू आहे हे ओळखून धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर ईसीयूत बसवलेलं होतं. भारतात पुण्याच्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेनं गाड्या तपासल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये त्या समूहानं फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी मिळून ३,२३,७०० गाड्या बोलावत असल्याचं जाहीर केलं. भारतातले निकष मोडले नाहीत, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते बाजूला ठेवू. काम काय होतं? ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं. एकेका इंजिनाचं नवं सॉफ्टवेअर एआरएआयनं मान्य करायचं आणि मग ते टप्प्याटप्प्यानं गाड्यांत टाकायचं, अशी पद्धत ठरली. म्हणजे कोणत्या गाडीत कोणतं सॉफ्टवेअर आहे याची यादी करता येते, तिसऱ्या माणसाकडून तपासून घेता येते आणि मालकाला बोलावून घेता येतं. सरकार मागे लागलं की सगळं सापडतं.

ही झाली वादळातली गोष्ट. रोजच्या व्यवहाराचं काय? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम ११०-अ आलं. एखाद्या प्रकारच्या गाडीतला दोष पर्यावरणाला, चालकाला, आतल्या माणसांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना घातक ठरू शकत असेल, तर केंद्र सरकार ती गाडी परत बोलावायला सांगू शकतं. रिकॉलची नियमावली १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. ‘पर्यावरण’ हा शब्द त्या कलमातल्या यादीत सगळ्यात आधी येतो, हे मुद्दाम सांगतो, कारण धूर अडवणारी जाळी वेळेवर जळत नाही हा दोष ब्रेकच्या दोषासारखा डोळ्यात भरत नाही. तुमचे सर्व्हिस विभाग त्याला ‘वापराची पद्धत’ म्हणतात. मास्तरांनी शाळा किणी टोलजवळ न्यायची का?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यातली सेवेतल्या त्रुटीची व्याख्याही वाचून बघा. महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणं हे त्या व्याख्येत स्पष्ट लिहिलेलं आहे. गिऱ्हाईक तक्रार घेऊन समोर उभं आहे, त्या तक्रारीवरचं सर्क्युलर तुमच्या कपाटात आहे, आणि त्याला सेन्सर विकला जातोय. वकिलानं याला काय म्हणावं ते म्हणू दे, आमच्याकडे याला अळीमिळी गुपचिळी म्हणतात.

अमेरिकेत कंपन्यांनी दोषांबद्दल डीलरांना पाठवलेल्या सर्क्युलरांची प्रत तिथल्या रस्ते सुरक्षा प्रशासनाला, म्हणजे एनएचटीएसएला, द्यावी लागते आणि ती लोकांना संकेतस्थळावर वाचता येते. ज्या कंपन्या तिथे आणि इथे दोन्हीकडे गाड्या विकतात, त्यांना ही पद्धत नवी नाही. तिथला मालक आपलं मॉडेल टाकून बघतो की ‘थंड इंजिन सुरू करताना आयडल खालीवर होतं, उपाय: ईसीयू रीप्रोग्राम’. कागद छापतो आणि डीलरच्या टेबलावर ठेवतो. इथला मालक माझ्या वहीतल्या दोन नंबरांवर अवलंबून आहे.

तिथे आणखी एक सोय आहे. २००४ सालच्या मॉडेलपासून धुराशी संबंधित ईसीयूचं रीप्रोग्रामिंग जे-२५३४ नावाच्या सामाईक मानकाच्या उपकरणानं करता आलं पाहिजे, असा नियम आहे. बाहेरचं गॅरेज कंपनीच्या संकेतस्थळाचं ठरावीक मुदतीचं वर्गणी-शुल्क भरतं, मूळ फाइल उतरवतं, फ्लॅश करतं. कंपनीचं गुपित फुटत नाही, सही-शिक्का कंपनीचाच राहतो, काम मात्र जवळच्या गॅरेजात होतं. युरोपातही स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती देणं कंपन्यांवर बंधनकारक आहे.

आपल्याकडे हा विषय कुणी काढलाच नाही असं नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगानं १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात मिळू न देणं हा त्यातला मुख्य आक्षेप होता, आणि ती साधनं व माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळावी असा आदेशही होता. अपिलं वर गेली. पुढे २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं. त्यातल्या चार क्षेत्रांत मोटारी आहेत. उद्यमनगरात बसून मला अजूनही तुमची एक फाइल अधिकृतपणे उतरवता येत नाही.

दार बंद ठेवलं की लोक खिडकीतून येतात. कोणत्याही शहराच्या गाडीबाजारात विचारा, ‘डीपीएफ ऑफ’ करून देणारा मिळेल. लॅपटॉप घेऊन येतो, कुठून तरी उतरवलेली फाइल ईसीयूत टाकतो, जाळीचा पाईप आतून पोकळ करतो, लाइट कायमची गप्प. गाडी काळा धूर ओकते. मी हे काम करत नाही. करत नाही म्हटल्यावर काही गिऱ्हाइकं माझ्याच तोंडावर दुसऱ्याला फोन लावतात. त्यांना मी तरी काय सांगू? ‘अधिकृत अपडेट घ्या’? त्यांनी मागून बघितलेलं असतं. बीएस ६ साठी देशानं एवढा खटाटोप केला, रिफायनऱ्यांनी डिझेलमधलं गंधक १० पीपीएमवर आणलं, आणि शेवटच्या टोकाला एक सर्क्युलर न वाचल्यामुळे जाळी पोकळ होते.

आता मागण्या. फार नाहीत.

पहिली आणि सगळ्यात स्वस्त: सर्व्हिसला आलेल्या प्रत्येक गाडीचा इंजिन ईसीयूचा कॅलिब्रेशन नंबर जॉबकार्डावर छापा, येताना कोणता होता आणि जाताना कोणता आहे. स्कॅनर तुम्ही तसाही लावता. किलोमीटरचं रीडिंग लिहिता, पेट्रोलचा काटा कुठे आहे त्याचं चित्र काढता, बोनेटवरचे ओरखडे मोजता. त्यात हा एक आकडा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअरबॉक्सच्या कंट्रोलरचाही लिहा, एएमटी गाड्यांतल्या धक्क्यांच्या निम्म्या तक्रारींचं मूळ शोधायला त्याचा उपयोग होईल. हा ‘निम्म्या’ माझा अंदाज आहे. खरा आकडा तुमच्याकडे असेल, सांगितलात तर मी दुरुस्त करीन.

दुसरी: तुमच्या संकेतस्थळावर चेसिस नंबर टाकला की रिकॉल दिसतो, तिथेच त्या गाडीसाठी उपलब्ध असलेली सॉफ्टवेअरं दिसू द्या, तक्रारीवर द्यायची असतील तीसुद्धा. सोबत साध्या मराठीत, हिंदीत, इंग्रजीत चार ओळी: काय त्रास होता, काय बदललं, गाडीच्या मायलेजवर किंवा पिकअपवर परिणाम होणार असेल तर तो काय. हे शेवटचं टाळू नका. अपडेटनंतर गाडी मरगळली अशी तक्रार घेऊन लोक माझ्याकडे येतात आणि ‘तसं काही नाही सर, तुमच्या मनाचा खेळ आहे’ हे उत्तर त्यांनी आधीच ऐकलेलं असतं. मोटारींच्या सॉफ्टवेअर अपडेटबद्दल संयुक्त राष्ट्रांचा आर १५६ हा नियम आहे. हवेतून येणारं अपडेट टाकण्याआधी ते कशासाठी आहे आणि काय बदलणार आहे हे वापरणाऱ्याला सांगितलं पाहिजे, असं त्यात आहे. केबलनं आलेल्या अपडेटला वेगळा न्याय का?

तिसरी डीलरांच्या बाजूची आहे आणि ती कंपन्यांनीच पुरी करायची आहे. फ्लॅशच्या कामाचं लेबर नीट धरा, वॉरंटी असो वा नसो. धुराशी किंवा तुमच्याच चुकीशी संबंधित अपडेटचा खर्च मालकावर टाकू नका. बाकीचं असेल तर त्याचा एकच दर देशभर जाहीर करा. आज एक डीलर फुकट करतो, दुसरा ‘इलेक्ट्रिकल चेकअप’ लावतो आणि तिसरा ईसीयूच बदलायचं एस्टिमेट काढतो. त्या एस्टिमेटवर हजारो रुपयांचा आकडा असतो आणि त्याखाली मालकाच्या सहीसाठी ठिपक्यांची रेघ.

चौथी माझ्यासारख्यांसाठी. पैसे घेऊन अधिकृत फाइल आम्हाला द्या. आमची परीक्षा घ्या, बॅटरीचा चार्जर कोणता वापरतो ते तपासा, आमच्या हातून ईसीयू डेड झाला तर भरपाई आमच्याकडून घ्या, तसं लिहून देतो. गडहिंग्लज, गगनबावडा, चंदगड इथल्या मालकाला डीलरसाठी अख्खा दिवस घालवावा लागतो आणि तिथे गेल्यावर ‘लॅपटॉपवाला रजेवर आहे’ असं कळतं.

शेवटचं २०२० च्या गाड्यांबद्दल. बीएस ६ ची ती पहिली खेप बहुतेक वॉरंटीच्या बाहेर गेली आहे. घाईघाईनं बाजारात आणलेल्या त्या पहिल्या कॅलिब्रेशनवर तुम्ही पुढे सुधारणा केल्या, हे नंबर बघूनच कळतं. त्या गाड्यांना पहिल्या सर्व्हिसपासून आजपर्यंत निघालेलं प्रत्येक सॉफ्टवेअर कुठल्याही डीलरकडे, मालकानं नुसतं मागितल्यावर, तक्रारीची अट न घालता मिळेल असं एक सर्क्युलर काढा. काढल्यावर त्याची एक प्रत लोकांसाठीही लावा. मी ती प्रिंट काढून गॅरेजच्या दारावर चिकटवीन.

कळावे.

आपला,
एक गॅरेजवाला,
उद्यमनगर, कोल्हापूर

प्रत माहितीसाठी: केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालय; ग्राहक व्यवहार विभाग, नवी दिल्ली